डाव्या बाजूचं बिल

१

तळहाताएवढ्या ओरखड्याचं बिल अडतीस हजार आलं, तर कुणीतरी खोटं बोलतंय हे कळायला पोलिसात असावं लागत नाही. इंचबाईंनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरून पाहिला. आकडा काही हलला नाही.

इंचबाई हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, भिंतीवर रिळांची फळी, गळ्यात चोवीस तास टेप. ब्लाऊज अर्धा इंच सैल झाला असं कुणी म्हणालं, की बाई टेप काढून समोर धरायच्या. "माणूस चुकतो, टेप चुकत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळ्या इमारतीला पाठ होतं.

"अहो, गॅरेजचं बिल आलंय," त्या म्हणाल्या. "अडतीस हजार!"

मास्तर जेवत होते. गाडी शिकवणारे म्हणून मास्तर. तीस वर्षांत त्यांनी निम्म्या गावाला क्लच सोडायला शिकवलं होतं. "आधी डावं बघ, मग उजवं बघ, मग पाय सोड," हे ऐकल्याशिवाय त्यांच्याकडून कुणी लायसन नेलं नव्हतं. स्वतःच्या हातून गाडीला कधी चरा गेला नव्हता. गेला तो या सोमवारी, इमारतीच्या आवारात, गाडी मागे घेताना. पाण्याच्या टाकीच्या कठड्याला मागचा डावा कोपरा टेकला. बाईंनी स्वतः खाली जाऊन ओरखडा मोजला होता: साडेतीन इंच.

"अडतीस?" मास्तरांचा घास थांबला. "तीन हजारांच्या वर काम नाही ते. लूट आहे ही!"

"पुढचा दिवा, पुढचं मडगार्ड, पुढचा बंपर. सगळं पुढचं लावलंय मेल्यांनी! आपलं लागलंय मागे."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते खोटं बोलले तरी व्हायच्या आणि चिडले तरी व्हायच्या, त्यामुळे त्यावरून काही कळायचं नाही. "पैसे भरल्याशिवाय गाडी देणार नाहीत," ते म्हणाले. "आणि उद्या सातला औषधवाल्याची मुलगी येणार. तिची लायसनची परीक्षा आहे आठवड्यावर."

गाडी सुटली नाही तर शिकवणी बंद. शिकवणी बंद तर घर मशीनवर, आणि मशीनवर दोन माणसं जगत नाहीत, हे बाईंनी या आधीही मोजून पाहिलेलं. अडतीस हजार भरायचे तर बँकेत होतं नव्हतं ते सगळं संपणार.

"मी बघते," त्या म्हणाल्या. मास्तर हात धुवायला उठले, आणि त्यांचं ताट पाहून बाईंचं डोकं आणखी फिरलं. भात चाटूनपुसून संपवलेला, भाजी जशीच्या तशी. तीन आठवडे हेच चाललं होतं. त्या दिवशी न्हाणीघरात चक्कर आली, पित्त म्हणून झोपून काढलं, आणि तेव्हापासून हे नखरे.

"भाजी कुणी खायची? अन्न टाकायचं वय आहे का हे? आणि दाढी तरी धड करा, अर्धे खुंट तसेच राहिलेत."

मास्तरांनी गालावरून हात फिरवला. "केली की."

बाई चपला घालून खाली उतरल्या. फाटकाशी वॉचमन तणतणत होता. "ताई, कुणाचे कपडे खराब झाले तर माझ्याकडे यायचं नाही हां! मंगळवारी संध्याकाळी खांबाला हिरवा रंग मारला, पाटी लावली, तरी बुधवारी सकाळी बघतो तर कुणीतरी घासून गेलेलं. परत हात मारावा लागला."

"माझ्याकडे कुणी हिरव्या डागाची साडी घेऊन आलं, की सांगते," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच माणूस होता, आणि तो गॅरेजात होता.

२

गॅरेजचा शेठ टेबलामागून उठलाही नाही. त्याने डिकी उघडायला सांगितली. काढलेले जुने पार्ट गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचे, म्हणजे कुणी म्हणायला नको की बदललेच नाहीत, अशी तिथली पद्धत होती.

डिकीत चेपलेलं मडगार्ड होतं, फाटलेला बंपर होता, आणि तडकलेला डावा दिवा. दिव्याच्या कडेवर हिरव्या रंगाचा पट्टा.

बाईंनी मान वर केली. शेडच्या मधोमध छपराला टेकू दिलेला लोखंडी खांब उभा होता. हिरवा.

"काय हो शेठ," बाईंचा आवाज चढला. "गाडी आत घेताना तुमच्या माणसाने खांबावर घातली, आणि बिल आम्हाला?"

गाडी आत घेणारा माणूस म्हणजे डेंटर, पत्र्याचे पोचे काढून रंग देणारा. पन्नाशीचा, नखांत कायमचा पुट्टीचा पांढरा रंग. तो हातातला ब्रश फडक्याला पुसत पुढे आला. "बाई, बुधवारी मी आठला आलो तेव्हा गाडी बाहेर होती आणि ती अशीच होती. मास्तर पहाटे लावून गेलेले."

हे खरं होतं. गॅरेज उघडायच्या आधी गाडी दारात लावायची, कार्ड लिहून किल्लीसकट पेटीत टाकायचं, ही मास्तरांची नेहमीची रीत. शेठने कार्ड समोर ठेवलं. मास्तरांचंच अक्षर. "धक्का लागलाय. डावी बाजू." लिहायला सुरुवातच निम्म्या कार्डापासून केलेली, अलीकडची जागा कोरी. शिवणीला ठेवावं तसं केवढं कापड सोडलंय, असं बाईंच्या मनात आलं आणि गेलं.

"मी फोनसुद्धा केला," डेंटर म्हणाला. "विचारलं, मास्तर, डाव्या बाजूचं सगळं करू ना? ते म्हणाले, सगळं कर, चरा दिसता कामा नये."

"ते मागचं म्हणत होते!"

"मागचंही केलंय की. तेही डावंच."

शेठला वाद नको होता. असल्या गोष्टी गावभर होतात. "बाई, असं करा. याने गाडी ठोकली असं तुम्ही लेखी द्या. मी बिल फाडतो, आणि याला आजच घरी पाठवतो. सहाला मी बंद करतो. त्याच्या आत द्या."

बाईंना वाटलं, आता डेंटर हातापाया पडेल. पण त्याने दिवा उचलला आणि त्यांच्या पुढे धरला.

"लिहा तुम्ही. पण आधी रंग बघा. मी रंगाचंच खातो. वाळलेल्या रंगाला गाडी घासली, तर पापुद्रा निघतो, भुगा पडतो. हा बघा, बोटाने लोणी फासावं तसा पसरलाय. हा रंग ओला होता. आमचा खांब रंगवून सहा वर्षं झाली." मग हळू आवाजात म्हणाला, "मुलीचं बाळंतपण आहे माझ्याकडे. आज नोकरी गेली, तर कुठे जाऊ, तेही लिहून द्या."

बाईंनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. त्या चिडक्या होत्या, पण आंधळ्या नव्हत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी त्यांना द्यायची नव्हती. त्यांनी दिवा पिशवीत टाकला.

"सहाच्या आत येते," त्या म्हणाल्या. तेव्हा दोन वाजले होते.

३

घरी मास्तर आडवे झाले होते. बाईंनी त्यांना उठवलं नाही. खिडकीच्या उजेडात दिवा धरला आणि फळीवरची हिरवी रिळं एकेक करून त्या पट्ट्यावर टेकवली. तिथे अंदाजाला जागा नव्हती. पोपटी, बाटलीचा हिरवा, शेवाळी, सगळी बाजूला पडली. बत्तीस नंबरचं रीळ टेकवलं आणि धागा रंगात दिसेनासा झाला. निळसर झाक असलेला, थंड हिरवा. गॅरेजच्या खांबात निळं काहीच नव्हतं.

डेंटर सुटला. मग उरला कोण? मंगळवारी दुपारी गाडी नेली होती ती बाईंच्या धाकट्या भावाने.

भाऊ दोन गल्ल्या पलीकडे छापखान्यात होता. ताईला दारात बघून त्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून ताईचा.

"बोल, कुठे ठोकलीस?"

"मी? ताई, शप्पथ! कपाट आणलं आणि चारला गाडी परत लावली. तूच तर गॅलरीत होतीस."

"मग तोंड का पाडलंस?"

भावाने मशीन बंद केलं, बाकीचे ऐकताहेत का ते पाहिलं. "मला वाटलं, तू मास्तरांचं बोलायला आलीस. माझं काय चुकलं ते तरी सांग. किल्ली द्यायला गेलो, हात पुढे केला, 'येतो मास्तर' म्हणालो. माणूस समोर बघतोय आणि बोलत नाही! हातभर अंतरावर उभा होतो मी, त्यांच्या डाव्या अंगाला. शेवटी फिरून पुढे आलो, तर म्हणतात, 'अरे, तू केव्हा आलास?' असा अपमान कुणी करत नाही, ताई. गाडी मागितली म्हणून राग होता, तर तसं सांगायचं."

"ते कुणाचा अपमान करत नाहीत," बाई म्हणाल्या.

"माझा केला."

बाईंना हे खटकलं, पण आत्ता भावाचा मान राखायला वेळ नव्हता. "तुमच्याकडे कुठे हिरवा रंग दिलाय का? परवा-तेरवा?"

"आमच्याकडे भिंतींना चुना मिळत नाही, हिरवा कुठला! रंग तर तुमच्याकडे काढलाय. मी गाडी लावून निघालो, तेव्हा तुमचा वॉचमन डबा उघडत होता."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पिशवीतलं रीळ त्यांनी बाहेर काढलं, परत आत टाकलं.

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाटकातून रोज चार वेळा ये-जा, आणि खांबाकडे एकदाही डोळे वर करून पाहिलं नव्हतं.

खांब लोखंडी नळाचा होता. बत्तीस नंबर लावून बघायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी लावला. धागा दिसेनासा झाला.

"कुठे घासलं होतं रे?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"हे काय, इथे आतल्या अंगाला. साडी नेसलेली बाई असणार. एवढ्या खाली पुरुषाचा कोट येत नाही."

बाई खाली वाकल्या. रंगाच्या नव्या हाताखाली बोटाला लोखंडाची खरवड लागली. कापडाने लोखंड खरवडत नाही. जमिनीपासून मोजलं: चोवीस इंच. मग गाड्यांच्या रांगेत तसलीच एक गाडी होती, तिचा पुढचा दिवा मोजला. चोवीस.

"बुधवारी पहाटे गाडी गेली, तेव्हा तू कुठे होतास?"

"पंपावर, पाणी चढवत होतो. फाटक उघडून ठेवलेलं. मागे येऊन बघतो तर हे." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने जीभ चावली. "ताई, मी कुणाचं नाव घेतलं नाही हां."

नाव घ्यायची गरजच उरली नव्हती. रंग मंगळवारी संध्याकाळी दिला. त्याच्या आधी चारला भावाने गाडी परत लावलेली, तेव्हा खांब ओला नव्हता. बुधवारी आठला डेंटरने गाडी पाहिली, तेव्हा दिवा तडकलेला होता. मधल्या वेळात गाडी एकदाच हलली, साडेसहाला, आणि ती ज्यांनी हलवली ते वर खोलीत झोपले होते. बाहेर पडताना हा खांब डाव्या हाताला येत होता.

म्हणजे मास्तर खोटं बोलले. दुपारपासून बाई त्यांच्यासाठी लोकांच्या दारात भांडत होत्या, एका गरिबाची नोकरी खायला निघाल्या होत्या, सख्ख्या भावाला चोर ठरवून आल्या होत्या. आणि हा माणूस घास चावत म्हणाला होता, "लूट आहे ही!"

जिन्याच्या पायऱ्या त्यांनी रागात चढल्या. साडेचार झाले होते.

५

"तुम्ही बुधवारी फाटकाच्या खांबावर गाडी घातलीत," बाई दारातूनच म्हणाल्या. "घातलीत ते घातलीत. मला का नाही सांगितलंत?"

मास्तर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी पान खाली केलं. "कुठला खांब?"

"नाटक पुरे! तुम्हाला आवाज आला नाही?"

"आला," मास्तर म्हणाले. "खर्र झालं. मला वाटलं वाऱ्याने फाटक वाजलं. मी मान वळवून बघितलं की! काही नव्हतं तिथे."

"उतरून बघितलं नाहीत? गॅरेजपाशी?"

"बघितलं म्हणजे, उतरलो, किल्ली टाकली. अगं, खांबाला लागली असती तर मला दिसला नसता का खांब? तीस वर्षं डोळे मिटून गाडी शिकवलीय का मी?"

त्यांच्या पाळ्यांकडे बाईंनी पाहिलं. लाल नव्हत्या. मास्तर खरं बोलत होते. आणि त्याच क्षणी बाईंना त्यांची दाढी दिसली. उजवा गाल गुळगुळीत होता, डाव्या गालावर पांढरे खुंट.

टाकीच्या कठड्याला टेकलेला गाडीचा डावा कोपरा. कार्डावरची डावीकडची कोरी जागा. डाव्या अंगाला उभा राहिलेला भाऊ. बाई समोर बसून वाढायच्या म्हणून मास्तरांच्या डावीकडे येणारी भाजी. सगळे तुकडे त्यांच्याच घरात पडले होते, आणि त्या शिवण दुसऱ्याच्या अंगावर बसवत होत्या.

त्यांनी गळ्यातला टेप काढला. एक टोक मशीनच्या मुठीला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला. साठ इंच, ताणून, मास्तरांच्या नाकासमोर. आकड्यांची बाजू स्वतःकडे ठेवली, कोरी बाजू त्यांच्याकडे.

"याचा मध्य धरा बरं."

"हे काय खूळ?"

"धरा ना. माझ्यासाठी."

मास्तर हसले. त्यांनी पुढे वाकून नीट पाहिलं, चिमूट नेली आणि अगदी खात्रीने टेप पकडला. "हा घे मध्य. नजर अजून पक्की आहे माझी."

बाईंनी त्यांची चिमूट तशीच धरून टेप उलटा केला. मध्य तीसला यायला हवा होता. चिमूट त्रेचाळीसवर होती.

मास्तरांनी स्वतःच आकडा वाचला. "तुझा टेप चुकतोय," ते म्हणाले.

चाळीस वर्षांचं ठरलेलं वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. "परत धरा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा चव्वेचाळीस आलं. तिसऱ्यांदाही चव्वेचाळीस. चौथ्या वेळी मास्तरांनी हात मांडीवर ठेवून दिला.

"अगं, मला तर सगळं दिसतंय," ते लहान मुलासारखं म्हणाले. "काहीच कमी दिसत नाही."

"मला कळतंय हो."

"कमी दिसलं असतं तर मीच सांगितलं नसतं का?" मग त्यांचं तोंड एकदम पांढरं पडलं. "काल एका दिवसापुरत्या मागून आणलेल्या गाडीवर त्या औषधवाल्याच्या मुलीला नेलं मी. शिकवताना डावीकडे मीच बसतो. डावं मीच बघतो तिच्यासाठी. शाळा सुटलेली. फुटपाथ..."

बाई जमिनीवर त्यांच्या पायाशी बसल्या आणि दोघंही रडली. असं कधी रडली नव्हती ती, दोघांचं एकुलतं मूल गेलं तेव्हाही एकमेकांसमोर नाही.

बाईंनी डॉक्टरांना फोन केला. तीन आठवड्यांपूर्वीची चक्कर आणि टेपचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, ते पित्त नसणार, मेंदूतल्या रक्ताचं काहीतरी आहे; डोळे धड असतात, पण डावी बाजू आहे हेच डोक्याला कळत नाही. उद्या सकाळी सातला दवाखान्यात आणा, मधे काही वेगळं वाटलं तर तेव्हाच या, आणि स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. "आणि बरं होईल ना?" या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. त्याच वेळी आले असतात तर, एवढंच म्हणाले.

मास्तर जरा सावरले, तेव्हा शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून बाई गॅरेजात पोचल्या. पावणेसहा झाले होते. शेठने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. बाईंनी लिहिलं: गाडी आमच्याच हातून लागली, तुमच्या माणसाची काही चूक नाही. खाली सही केली.

"आणि गाडी नाही न्यायची," त्या म्हणाल्या. "तिला गिऱ्हाईक बघा. बिल त्यातून कापून घ्या."

शेठने कागद खणात टाकला. डेंटर दारापर्यंत सोबत आला. "कुठे लागली, कळलं का ताई?"

"कळलं. तुम्ही म्हणालात तसा रंग ओलाच होता." आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, माफी मागायला हवी होती, पण त्यांना एवढंच जमलं. "मुलीला जपा."

घरी आल्यावर त्यांनी औषधवाल्याला फोन करून सांगितलं, उद्यापासून शिकवणी नाही. पलीकडून कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, गाडी विकली. मग ताट वाढलं. मास्तरांना भूक नव्हती, तरी समोर ठेवलं म्हणून जेवत राहिले. भात संपला. हात थांबला. डावीकडे भाजी तशीच होती.

तीन आठवडे याच भाजीवरून बाईंनी त्यांना घालूनपाडून बोलून घेतलं होतं. एकदा शेजारणीसमोर, एकदा भावासमोर. माजलात म्हणाल्या होत्या.

त्यांनी ताटाची कड धरली आणि ताट अर्धं फिरवलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. "अगं, भाजी होती होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू टोमणे मारतेस, रागावलीस म्हणून वाढतच नाहीस."